पहिल्या दिवशी मुलांना आधी केबिन कळू द्या

क्रूझ जहाजांवर मुलांच्या विभागात मी बरीच वर्षं काम केलं. जहाज बंदराला लागलं की सकाळी जुने प्रवासी उतरतात आणि दुपारी नवे चढतात. त्यामुळे आईवडिलांचा आणि मुलांचा जहाजावरचा पहिला दिवस मी अगदी जवळून आणि पुन्हापुन्हा पाहिला आहे. यंदा सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये लहान मुलं असलेल्या घरांची पत्रं जास्त होती, आणि बहुतेकांचा रोख या पहिल्या दिवसावरच होता. म्हणून हे सदर पूर्ण त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : ताई, आमची मुलगी चार वर्षांची आणि मुलगा दीड वर्षाचा आहे. ही आमची पहिलीच क्रूझ. दुपारी बारा वाजता चढायचं आहे. नवऱ्याने पहिल्या दिवसाची यादीच करून ठेवली आहे : बुफे, पूल, घसरगुंडी, सगळे डेक फिरून बघणं, रात्रीचा शो. मला हे झेपेल असं वाटत नाही. तुम्ही सांगा, नेमकं काय करावं?
— दोन मुलांची आई

तुम्हाला वाटतंय ते बरोबर आहे. घसरगुंडी आणि डेक फिरणं उद्यावर टाका. शो बघायचाच असेल तर दोघांपैकी एकाने बघा. पूलसाठी मुलीला अर्धा तास मिळाला तर मिळाला.

कारण असं, की जहाजावर पाऊल ठेवेपर्यंत मुलांची निम्मी ताकद संपलेली असते. पहाटे उठणं, प्रवास, टर्मिनलमधली सामान तपासणीची रांग, मग पासपोर्टची रांग, मग फोटो. त्यानंतर एकदम उंच छत, संगीत, दिवे आणि हजारो अनोळखी माणसं. मोठ्यांना ते पाहून उत्साह चढतो. दीड वर्षाच्या मुलाला एवढंच कळतं की आपलं घर कुठे दिसत नाही. त्याला झोपायची जागा, आईची पिशवी आणि पाण्याची बाटली कुठे आहे हे एकदा कळलं की पुढचे सगळे दिवस सोपे जातात. मी पहिला दिवस तेवढ्यासाठीच राखून ठेवायला सांगते.

आता क्रमाने बघू. मोठ्या सुटकेसना लगेज टॅग लावून तुम्ही टर्मिनलवर पोर्टरकडे देता. त्या केबिनच्या दाराशी पोचायला दुपार उलटून जाते, कधी रात्रीच्या जेवणाची वेळही होते. म्हणून जवळच्या पिशवीत औषधं, कागदपत्रं, दिवसभराचे डायपर आणि वर थोडे जास्तीचे, दोघांचे कपड्यांचे एकेक जोड, मुलीचा पोहण्याचा पोशाख आणि धाकट्याचे रात्रीचे कपडे ठेवा. आणि ज्या खेळण्याशिवाय किंवा दुपट्ट्याशिवाय मूल झोपत नाही ते काही झालं तरी सुटकेसमध्ये टाकू नका. संध्याकाळी सहा वाजता ‘माझा ससा कुठेय’ म्हणून रडणारं मूल आणि लिफ्टजवळच्या सामानाच्या ढिगात सुटकेस शोधणारे वडील, हे दृश्य मी नको तितक्या वेळा पाहिलं आहे.

चढल्याबरोबर केबिन बहुधा तयार नसते. एक-दोन वाजेपर्यंत थांबावं लागतं. या वेळात सगळं जहाज वरच्या डेकवरच्या बुफेकडे धावतं, आणि हातात ताट, कडेवर मूल, रिकामं टेबल नाही अशी अवस्था होते. बऱ्याच मोठ्या जहाजांवर पहिल्या दुपारी मुख्य डायनिंग हॉलही जेवणासाठी उघडा असतो. तो वरच्या डेकवर नसल्याने लोकांच्या लक्षात येत नाही. चढताना दारातल्या माणसाला विचारा. तिथे बसून जेवण मिळतं, उंच खुर्ची मिळते आणि मुलांना तासभर स्थिर बसता येतं.

केबिन उघडली की सामान लावायच्या आधी तुमच्यापैकी एकाने जमिनीवर बसून खोली बघा, मुलाच्या उंचीवरून. जहाजावरची दारं जड असतात आणि आपोआप बंद होतात; बोटं सापडतात ती बहुतेक वेळा बिजागरीच्या बाजूला. बाथरूमच्या दाराला उंबरठा असतो, कारण पाणी बाहेर येऊ द्यायचं नसतं. त्याला अडखळून पडणं पहिल्या दिवशी ठरलेलंच. मुलीला तो उंबरठा हाताने चाचपून दाखवा. टॉयलेट विमानातल्यासारखं हवेच्या दाबाने खेचणारं असतं आणि त्याचा आवाज मोठा व अचानक येतो. आधी झाकण लावून, मुलीला दाराबाहेर उभं करून, ‘आता मोठ्ठा आवाज येणार’ असं सांगून एकदा बटण दाबा. मग तिला स्वतः दाबू द्या. हे दोन मिनिटांचं काम आहे. ते न केल्यामुळे आठवडाभर टॉयलेटला जायला नकार देणारी मुलं आमच्याकडे येत असत, आणि त्यांचं पोट दुखायला लागल्यावर आईवडिलांना कारण कळत असे.

बाल्कनी असेल तर तिथल्या खुर्च्या आणि टेबल कठड्यापासून लांब घ्या, किंवा केबिन अटेंडंटला सांगून काढूनच टाका. अमेरिकेच्या बंदरांतून प्रवासी नेणाऱ्या जहाजांसाठी 2010 च्या कायद्याने कठड्याची उंची किमान 42 इंच, म्हणजे साधारण 107 सेंटिमीटर ठरवली आहे. चार वर्षांच्या मुलीसाठी ही उंची पुरेशी आहे, पण ती खुर्चीवर चढली की त्या उंचीला काही अर्थ उरत नाही. बाल्कनीच्या दाराला वरच्या बाजूला कडी आहे का बघा. मोठं माणूस सोबत असल्याशिवाय ते दार उघडायचं नाही, हा नियम पहिल्या तासातच सांगा आणि त्यात सूट देऊ नका.

केबिन अटेंडंटशी पहिल्या भेटीतच नीट बोला. धाकट्यासाठी पाळणा बुकिंगच्या वेळी मागितला असेल तरी तो आला आहे का, हे लगेच बघा, कारण जहाजावर पाळणे मोजके असतात. पाळणा उघडला की केबिनची जमीन संपते. त्यावर उपाय म्हणजे रिकाम्या सुटकेस पलंगाखाली सरकवायच्या. पलंग त्या हिशेबानेच उंच केलेले असतात. मुलं दुपारी किती वाजता झोपतात तेही त्याला सांगा, म्हणजे साफसफाईसाठी तो त्या वेळी दार ठोठावणार नाही. बाबागाडी घडीची असू द्या. केबिनची दारं अरुंद असतात, आणि गाडी बाहेरच्या मार्गिकेत ठेवता येत नाही, कारण आणीबाणीत लोकांना बाहेर पडायची ती वाट असते.

मला स्वतःला फार आवडणारी एक गोष्ट सांगते. केबिनच्या भिंती धातूच्या असतात, त्यामुळे त्यांना चुंबक चिकटतात. चार-सहा मजबूत चुंबकी आकडे नेलेत तर टोप्या, ओले पोशाख, पिशव्या सगळं भिंतीवर लटकतं. जहाजाचा नियम आड येत नसेल तर मुलीने काढलेलं एक चित्र केबिनच्या दारावर बाहेरून चुंबकाने लावा. मार्गिका लांबलचक आणि सगळी दारं एकसारखी. नंबर वाचता न येणाऱ्या मुलीला आपलं चित्र लांबूनही ओळखता येतं. मग तिला पुढे करून लिफ्टपासून केबिनपर्यंत दोनदा चाला. तीच वाट दाखवेल, तुम्ही मागे राहा. बहुतेक जहाजांवर सम क्रमांकाच्या केबिन एका बाजूला आणि विषम दुसऱ्या बाजूला असतात. तुमच्यासाठी एवढी खूण पुरते. काही जहाजांवर लिफ्टमधल्या गालिच्यावर त्या दिवसाचं वाराचं नाव असतं आणि तो रोज बदलतात. मुलांना सकाळी उठून ते बघायला धावायला फार आवडतं.

केबिन आतल्या बाजूची, बिनखिडकीची असेल तर दिवा मालवल्यावर तिथे काळाकुट्ट अंधार होतो. बॅटरीवरचा छोटा रात्रीचा दिवा न्या. एक्स्टेन्शन बोर्ड, किटली, इस्त्री यांना आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर बंदी असते आणि सामान तपासताना ते काढून घेतात.

मग दुपारची झोप, थोडी का होईना. त्यानंतर जहाज सुटताना वरच्या डेकवर जा, पण भोंगा वाजायच्या आधी मुलांच्या कानांवर हात ठेवा, कारण उघड्या डेकवर तो छातीत घुमतो. संध्याकाळी जेवणाची लवकरची वेळ घ्या, साडेपाच-सहाची. मुलांना काही पदार्थांची अ‍ॅलर्जी असेल तर पहिल्याच जेवणाला मुख्य वेटरला सांगा. पुढच्या दिवशीचं जेवण आदल्या रात्री विचारून ठरवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. त्यानंतर आंघोळ आणि अंथरूण. नवऱ्याला सांगा, यादी फेकून देऊ नका, तिच्यावरची तारीख तेवढी बदला.

प्रश्न : जहाज सुटायच्या आधी ती सुरक्षिततेची ड्रिल असते म्हणे. आमचं बाळ नऊ महिन्यांचं आहे आणि नेमकं त्याच वेळी झोपतं. आमच्यापैकी एकाने जाऊन यावं आणि एकाने केबिनमध्ये थांबावं, असं चालेल का?
— पहिल्यांदाच वडील झालेला वाचक

चालणार नाही, आणि मी तुम्हाला तसं करायला कधीच सांगणार नाही. झोपलेल्या बाळाला उचलून न्या.

मस्टर ड्रिल प्रत्येक नव्या प्रवाशासाठी सक्तीची असते. ती टाळणाऱ्याला जहाजावरून उतरवण्याचा अधिकार कॅप्टनला असतो. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा कारण समजून घ्या. टायटॅनिक 1912 मध्ये बुडाली, त्यानंतर 1914 मध्ये समुद्रावरच्या जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याचीच पुढची आवृत्ती, ‘सोलास’, आज आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या प्रवासी जहाजांना लागू आहे. तरीही 2012 पर्यंत नियम असा होता की ड्रिल चढल्यापासून 24 तासांच्या आत घेतली तरी चालेल. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आदळली. जहाजावर चार हजारांहून जास्त माणसं होती, त्यांतली 32 गेली. त्याच संध्याकाळी चिविताव्हेक्यिया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल अजून झालीच नव्हती. आपण कुठे जायचं हे त्यांना कोणी दाखवलेलं नव्हतं. त्यानंतर नियम बदलला आणि 1 जानेवारी 2015 पासून ड्रिल जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं.

आता काळजी कमी करणारी बातमी. पूर्वीसारखं हजार माणसांनी ऊन्हात रांगेत उभं राहणं बऱ्याच कंपन्यांनी बंद केलं आहे. फोनवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर चित्रफीत बघायची आणि ठरलेल्या वेळेत कधीही आपल्या मस्टर स्टेशनवर, म्हणजे आणीबाणीत जमायच्या जागी, जाऊन कार्ड दाखवायचं. चढल्याबरोबर केबिनकडे जाता जाता हे उरकता येतं, बाळाच्या झोपेच्या आधीच. तुमच्या जहाजावर जुनी पद्धत असेल तर बाळाला पोटाशी बांधायच्या झोळीत घ्या. तुमचं स्टेशन कोणतं, ते की-कार्डावर छापलेलं असतं.

नवी पद्धत सोपी असली तरी एक गोष्ट तिच्यात सुटते : लाइफ जॅकेट अंगावर चढवून बघणं. ते तुम्ही करा. केबिनमध्ये साधारणपणे मोठ्यांचीच जॅकेटं असतात. नियमांत 15 किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळासाठी वेगळं, 15 ते 43 किलोच्या मुलांसाठी वेगळं आणि त्यावर मोठ्यांचं, असे तीन आकार आहेत. 24 तासांहून मोठ्या प्रवासात जहाजावरच्या प्रत्येक बाळासाठी एक जॅकेट असलंच पाहिजे. ते केबिनमध्ये मिळेल की स्टेशनवर, एवढं अटेंडंटला विचारा. केबिनमध्ये दिलं तर संध्याकाळी बाळ जागं असताना एकदा घालून बघा. मांड्यांमधून घ्यायचा पट्टा नीट लावल्याशिवाय जॅकेट वर सरकून तोंडाशी येतं. तो पट्टा हाताने ओढून बघा, मग बाळाला काखेत धरून हलकेच उचला आणि जॅकेट जागचं हलतं का ते बघा. बाळ रडेल, रडू द्या. तुमच्या बोटांना बक्कल सापडणं महत्त्वाचं आहे.

केबिनपासून स्टेशनपर्यंत जिन्याने एकदा जाऊन या, कारण आणीबाणीत लिफ्ट वापरायची नसते. बाळाला कडेवर घेऊन किती जिने पडतात, दुसरा हात कठड्याला मोकळा राहतो का, हे तुम्हाला तेव्हाच कळेल. इशारा म्हणजे सात किंवा जास्त छोटे भोंगे आणि मग एक लांब भोंगा.

प्रश्न : माझ्या दोन वर्षांच्या मुलाला पाण्याचं वेड आहे. स्विम डायपर घालून पूलमध्ये नेलं तर चालेल ना?

मोठ्या पूलमध्ये आणि गरम पाण्याच्या टबमध्ये बहुतेक जहाजांवर नाही, स्विम डायपर असला तरी नाही. स्विम डायपर कपडे सांभाळतो, जंतू अडवत नाही. एका मुलाकडून पाण्यात शी झाली की तो पूल बंद करून निर्जंतुक करावा लागतो आणि शेकडो लोकांची दुपार जाते. काही जहाजांवर लहान बाळांसाठी कारंज्यांची वेगळी जागा असते, तिचं पाणी स्वतंत्रपणे गाळलं जातं आणि तिथे स्विम डायपर चालतो. तुमच्या जहाजावर तशी जागा आहे का हे तिकीट काढण्याआधीच विचारायचं. नसेल तर मुलाला आधीपासून पूलची स्वप्नं दाखवू नका. केबिनच्या शॉवरमध्ये बादली-पेला घेऊनही तो खूष होईल.

मोठ्या मुलांच्या आईवडिलांसाठीही एक वाक्य. अनेक जहाजांवर पूलपाशी जीवरक्षक नसतो. असला तरी पोहता न येणाऱ्या मुलाजवळ तुम्ही हात पोचेल इतक्या अंतरावर, फोन बाजूला ठेवून असलं पाहिजे. लाइफ व्हेस्ट तिथेच मागितलं की बहुतेक ठिकाणी मिळतं.

प्रश्न : आमची मुलगी साडेतीन वर्षांची आहे, अनोळखी माणसांजवळ राहत नाही. किड्स क्लबचे पैसे तिकिटातच धरलेले आहेत. तिला पहिल्याच संध्याकाळी तिथे सोडावं, की एक-दोन दिवस थांबावं?
— लाजाळू मुलीची आई

पहिल्या दुपारी न्या, पण सोडायला नको. चढण्याच्या दिवशी बहुतेक क्लब काही तास सगळ्या कुटुंबांसाठी उघडा ठेवतात. त्या वेळी आईवडील आत बसू शकतात. मुलगी तुमचं बोट धरून फिरेल, लहानसं टॉयलेट बघेल, खेळण्यांचं कपाट बघेल, आणि तिथल्या एका माणसाचा चेहरा तिला ओळखीचा होईल. दुसऱ्या दिवशी त्या चेहऱ्याच्या हातात तिला द्यायचं.

साधारण तीन वर्षं पूर्ण आणि डायपर सुटलेला, ही क्लबची अट असते. मदतनीस तिथे डायपर बदलत नाहीत. तुमच्या मुलीला टॉयलेटला जायचं आहे हे सांगता येतं का, आणि तेही समोरच्याला कळेल असं? घरचीच भाषा बोलणाऱ्या मुलांसाठी मी नेहमी आईवडिलांकडून तीन शब्द कागदावर लिहून घ्यायची : ‘शू’ला काय म्हणते, ‘पाणी’ कसं मागते, घाबरली की कोणाचं नाव घेते. तुम्ही न मागता तो कागद द्या. फॉर्मवर अ‍ॅलर्जी लिहा, आणि तिला घ्यायला कोण कोण येणार त्यांची नावं लिहा. त्या यादीत नाव नसलेल्या माणसाकडे मूल दिलं जात नाही, सख्खा मामा असला तरी.

सोडताना ‘पाच मिनिटांत येते’ असं म्हणू नका. त्या वयाला पाच मिनिटं कळत नाहीत. एका वडिलांचं वागणं माझ्या कायम लक्षात राहिलं आहे. मुलगी दारातल्या छोट्या फाटकाला घट्ट धरून उभी होती, खेळण्यांकडे बघतही नव्हती. ते गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, ‘तू एक घर रंगव. दार, खिडकी, छप्पर. छप्पर झालं की मी आलो.’ आणि खरंच फाटकाच्या बाहेर, तिला दिसणार नाही अशा जागी थांबले. मी तिला खेळायला बोलावलं नाही. मनगटपट्ट्यांची गुंडाळी तिच्या हातात दिली आणि येणाऱ्या मुलांना एकेक द्यायला सांगितलं. दहा-बारा मुलं झाल्यावर ती स्वतःहून रंगांच्या टेबलाशी गेली. छप्पर लाल झालं, आणि वडील आत आले. त्यांनी दिलेला शब्द मुलीने पारखून घेतला होता, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तिने ‘आता जहाज काढते’ एवढंच सांगून त्यांना जायला लावलं.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी काही जहाजांवर वेगळं पाळणाघर असतं. तिथे तासाचे वेगळे पैसे आणि जागा अगदी थोड्या. ते हवं असेल तर चढल्यावर पहिलं काम तेच करा, संध्याकाळपर्यंत जागा संपतात.

क्लबमध्ये आणखी एक गोष्ट विचारा, फार कमी लोक विचारतात : मूल इथे असताना आणीबाणीचा भोंगा झाला तर तुम्ही त्याला आमच्या स्टेशनवर आणणार, की आम्ही इथे यायचं? प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी असते. उत्तर दोघांनाही तोंडपाठ हवं, नाहीतर आई वर धावते आणि मूल खाली उतरलेलं असतं.

प्रश्न : मुलांना बोट लागली तर? औषध आधीच द्यावं का?

दोन वर्षांखालच्या बाळांना सहसा लागत नाही. दोन ते बारा या वयात जास्त लागते. लहान मूल ‘मळमळतंय’ म्हणत नाही. ते गप्प होतं, जांभया देतं, चेहरा पांढुरका पडतो, आवडीचं खाणं बाजूला सारतं. हे दिसलं की पुस्तक आणि स्क्रीन बाजूला ठेवा, त्याला उघड्या हवेत न्या आणि क्षितिजाकडे बघू द्या. पोट रिकामं ठेवू नका; कोरडा ब्रेड, उकडलेला बटाटा, केळं असं थोडं थोडं द्या. जहाजाच्या मधल्या भागातल्या, खालच्या डेकवरच्या केबिनमध्ये हेलकावे कमी जाणवतात, पण हा विचार बुकिंगच्या वेळचा.

औषध मुलांच्या डॉक्टरांना विचारूनच, आणि त्यांची परवानगी असेल तर घरी एकदा देऊन बघा. काही मुलं त्याने गुंगतात, काही उलट बेचैन होतात, आणि हे पहिल्यांदा समुद्रावर कळू नये. मोठी माणसं कानामागे लावतात तो पट्टा मुलांना लावायचा नाही.

उलटीबरोबर जुलाबही असतील तर बोट लागली असं धरून चालू नका. जहाजाच्या दवाखान्यात सांगा आणि मुलाला क्लबमध्ये पाठवू नका. नोरोव्हायरस हा उलट्या-जुलाबांचा विषाणू बंद जागेत झपाट्याने पसरतो आणि लागण झाल्यापासून 12 ते 48 तासांत दिसू लागतो, म्हणजे पहिल्या दिवशीची लक्षणं घरूनच आलेली असू शकतात. बुफेच्या दाराशी हातावर घेतलेलं जेल त्याला पुरत नाही. साबण आणि पाणीच हवं, दर जेवणाआधी.

प्रश्न : माझं वय सहासष्ट. मुलगी, जावई आणि दोन नातवंडांबरोबर मी पहिल्यांदाच क्रूझला चालले आहे. संध्याकाळी मुलं माझ्याकडे असतील असं ठरलंय. तुम्ही माझ्या मुलीच्या वयाच्या असाल, म्हणून मोकळेपणाने विचारते : एवढ्या गर्दीत नातू हातातून सुटला तर मी काय करायचं?
— एक आजी

आजी, जी गोष्ट विचारायला लोक बिचकतात ती तुम्ही विचारलीत.

मूल दिसेनासं झालं तर शोधत फिरू नका. जवळच्या कोणत्याही कर्मचाऱ्याला लगेच सांगा, मग तो टेबल पुसणारा असो की गाणारा. प्रत्येकाला यासाठी काय करायचं हे शिकवलेलं असतं आणि निरोप क्षणात सगळीकडे जातो. ‘दोन मिनिटं बघू’ म्हणून तुम्ही एकट्या जिने चढत राहिलात तर वेळ जाईल आणि तुम्हीही दमाल. त्यासाठी रोज सकाळी मुलीला नातवाचा फोटो काढायला लावा, त्या दिवशीच्या कपड्यांत, पायातल्या चपला दिसतील असा. तो तुमच्या फोनमध्ये असू द्या. घाबरल्यावर शर्टाचा रंग कोणालाच आठवत नाही.

पहिल्या संध्याकाळीच दोन्ही नातवंडांना घेऊन भेटायची एक जागा ठरवा. ‘पाचवा डेक’ असं सांगून त्यांना कळणार नाही. मोठा पुतळा, मत्स्यालय, पियानो असं काहीतरी दाखवा. नावाचा बिल्ला लावलेल्या माणसाला आपलं नाव सांगायचं, हेही त्यांच्याकडून म्हणून घ्या.

फोनवर विसंबू नका. बंदर सोडल्यावर नेहमीचं नेटवर्क जातं, आणि जहाजाचं नेटवर्क फोनने आपोआप पकडलं तर बिल अफाट येतं. जावयाकडून फोन विमान मोडवर टाकून घ्या. अनेक जहाजांच्या अ‍ॅपमध्ये आपापसांत निरोप पाठवता येतात, ते तुमच्या फोनवर घालून एकदा सराव करा. मुलीच्या केबिनचा नंबर कागदावर लिहून ठेवा, केबिनमधल्या फोनवरून तो लागतो. किड्स क्लबच्या यादीत तुमचं नाव आहे ना, हे स्वतः जाऊन बघा.

आणि पहिल्या संध्याकाळी मुलं तुमच्याकडे नकोत. तुम्हीही पहाटेपासून उभ्या असाल, जिने आणि मार्गिका तुम्हालाही नव्या असतील, आणि हलत्या जहाजावर पाय स्थिरावायला एक रात्र तरी लागते. मुलीला सांगा, उद्यापासून ठेवते. ती ऐकेल. नाहीच ऐकलं तर हे पान तिला वाचायला द्या.